पाचशे मिमीची लेन्स की नवा कोरा कॅमेरा?

प्रश्न: नमस्कार. मी इंदापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. दर थंडीत कुंभारगावला जाते, नावेतून फिरते, मोबाइलवर भरपूर फोटो काढते आणि घरी येऊन बघते तर रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) जागी नुसते गुलाबी ठिपके. यंदा माझी भिशी लागली, हातात एक लाख रुपये आहेत. पुण्यातल्या ओळखीच्या एका काकांकडे निकॉन डी७२००, त्याबरोबर निकॉनचीच २००-५०० मिमी लेन्स, एक १८-१४० लेन्स, बॅग, ट्रायपॉड आणि तीन फिल्टर असा सगळा संच विकायला आहे. ते ९५ हजार म्हणतात. माझा भाचा इंजिनीअरिंगला आहे. तो म्हणतो, "मावशी, दहा वर्षांपूर्वीचं मॉडेल घेऊ नकोस, डीएसएलआर संपले आता." त्याने दुकानात कॅनन ईओएस आर५० दाखवला, नवा, दोन लेन्ससकट, वॉरंटीसह, साधारण तेवढ्याच पैशांत. शाळेचं स्नेहसंमेलन आणि लेकीचे नाचाचे कार्यक्रमही टिपायचे असतात. जुनं घेऊन पस्तावेन का?
— एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर: ताई, तुमचं दुखणं गुलाबी ठिपक्यांचं आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

ठिपक्याचा पक्षी करायचं काम लेन्सचं असतं. कॅमेरा त्यानंतर येतो. दुकानातल्या संचात आर५० बरोबर दोन लेन्स मिळतात, १८-४५ आणि ५५-२१०. हा मिलिमीटरचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं. म्हणजे इथे जास्तीत जास्त २१०. काकांची लेन्स ५०० पर्यंत जाते. दोन्ही कॅमेऱ्यांचे सेन्सर (चित्र टिपणारा भाग) जवळजवळ सारख्याच आकाराचे आणि दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, त्यामुळे हिशेब सोपा आहे. एकाच नावेत, एकाच जागेवर बसून एकाच रोहिताचा फोटो काढलात, तर काकांच्या संचातून तो फ्रेममध्ये सव्वादोन पटींनी उंच दिसेल. उंची-रुंदी दोन्ही धरली तर त्या पक्ष्याच्या वाट्याला जवळजवळ पाचपट पिक्सेल येतील. डी७२०० आला २०१५ मध्ये, आर५० आला २०२३ मध्ये. या आठ वर्षांत सेन्सर सुधारले, प्रोसेसर सुधारले, हे खरंच आहे. पण पाचपट दरी बुजवण्याइतके नाही सुधारले. शिवाय काकांची लेन्स ५०० ला एफ/५.६ देते, दुकानातली २१० ला एफ/७.१ वर अडकते; एफ पुढचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. म्हणजे लांबचं दाखवणारी लेन्स उजेडही जास्त आत घेते. सकाळी सातच्या धुक्यात हे फार कामाला येतं.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगणार नाही. लेन्स तोकडी असली की माणूस नावाड्याला म्हणतो, "दादा, अजून थोडं पुढे घ्या." दादा घेतात, त्यांचाही धंदा आहे. थवा आधी चालायला लागतो, मग धावतो, मग उडतो. तो उडतानाचा फोटो लोक मोठ्या हौसेने लावतात, पण उजनी धरणाचं पाणी ओसरून उघड्या पडलेल्या उथळ चिखलात चोच घालून ते पक्षी जेवायला आलेले असतात आणि दिवसातून दहा होड्यांनी उठवलं तर जेवायचं राहून जातं. ५०० ची लेन्स असली की लांबूनच भागतं. पक्षी मान खाली घालून आपलं काम करत राहतात आणि फोटोही उडणाऱ्या पाठींपेक्षा पुष्कळ चांगले येतात.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे. भिगवण-कुंभारगावसाठी काकांची लेन्स घ्या आणि तिच्याबरोबर येणारा डी७२०० घ्या. काही अटी आहेत, त्या पुढे सांगतो.

त्याआधी भाच्याचं म्हणणं. तो चुकीचं बोलत नाही. निकॉन आणि कॅनन, दोघांनीही २०२० नंतर एकही नवा डीएसएलआर, म्हणजे डी७२०० सारखा आत आरसा असलेला कॅमेरा, आणलेला नाही. सगळा जोर आर५० सारख्या बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. आर५० चा फोकसही डी७२०० च्या पुढचा. तो माणूस, कुत्रं-मांजर, पक्षी स्वतः ओळखतो आणि डोळ्याला धरून बसतो. डी७२०० ला डोळा बिळा कळत नाही. त्याचे ५१ फोकस पॉइंट आहेत, त्यातले कुठले पक्ष्यावर ठेवायचे ते तुम्ही ठरवायचं. उभ्या पक्ष्यासाठी मधला एक पॉइंट, उडत्यासाठी नऊ किंवा एकवीस पॉइंटांचा गट आणि फोकस सतत चालू, म्हणजे एएफ-सी. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, आयएसओ (उजेडाबाबतची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बरेच फोटो वाया जातील, मग हात बसतो. या कॅमेऱ्यावर माणसांनी वर्षानुवर्षं उडते पक्षी टिपलेत. आज तो अचानक आंधळा झालेला नाही.

"संपले" याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की बॉडीचे, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचे, सुटे भाग हळूहळू दुर्मीळ होतील आणि विकायला काढाल तेव्हा भाव पडलेला असेल. बॉडीचा पडेल, लेन्सचा त्या मानाने कमी. आणि इथेच तुमच्या सौद्यातली जमेची बाजू आहे: ही २००-५०० एएफ-एस जातीची आहे, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच. निकॉनचा एफटीझेड नावाचा अॅडॉप्टर लावला की ती निकॉनच्या मिररलेस बॉडीवर बसते आणि ऑटोफोकससकट चालते. चार वर्षांनी डी७२०० थकला तर बॉडी बदला, लेन्स तीच. २०२४ च्या शेवटी आलेल्या निकॉनच्या झेड५० II सारख्या मिररलेस बॉडीत पक्षी ओळखणारा फोकस आहे. तोवर अशा बॉडीही सेकंडहँड बाजारात उतरलेल्या असतील. भाच्याला हवं ते तंत्रज्ञान तुम्हाला मिळेलच, फक्त उलट्या क्रमाने: आधी काच, मग यंत्र.

आता किंमत. "सगळं मिळून ९५ हजार" हा आकडा ऐकून मान डोलावू नका. लेन्सचे किती, बॉडीचे किती, १८-१४० चे किती, असं वेगवेगळं विचारा. बॅग, फिल्टर आणि ट्रायपॉड भाजीवर मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखे समजा. त्याचे पैसे लावले असतील तर काढून टाकायला सांगा. सेकंडहँड संचातला ट्रायपॉड बहुधा मोबाइल किंवा लहान कॅमेऱ्याचा असतो, त्यावर ही लेन्स ठेवलीत तर ती पुढे वाकून नमस्कार करेल. नावेत ट्रायपॉडचा तसाही उपयोग नाही, इंजिनाची थरथर पायांतून थेट वर चढते. यूव्ही फिल्टर काकांनाच लखलाभ. चांगल्या काचेपुढे स्वस्त काच लावून काय मिळवायचं? एक आठवडा याच दोन मॉडेलच्या जाहिराती चाळा, भाव कुठे फिरतोय ते कळेल, मग घासाघीस करा. माझ्या मते लेन्सच्या भावात फार ताणू नका, बॉडीच्या भावात मात्र ताणा.

१८-१४० घ्यावी का? नाही घेतली तरी चालेल, आणि तिच्याऐवजी निकॉनची ५० एमएम एफ/१.८जी घ्या, सेकंडहँड मिळाली तर उत्तम. कारण तुमचं स्नेहसंमेलन. शाळेच्या मंचावर दोन हॅलोजन आणि एक लाल-निळा फिरता दिवा, एवढाच उजेड असतो. १८-१४० ला झूम केलं की ती एफ/५.६ वर जाते. त्याच्या तुलनेत एफ/१.८ ला जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. झूम नाही, पुढे-मागे चालत जावं लागेल, पण तुम्ही शाळेच्या बाई आहात, पहिल्या रांगेत बसायला तुम्हाला कोण अडवणार? लेकीचा नाच हलून पुसट न होता मिळेल.

व्हिडिओ हवा असेल तर मात्र डी७२०० कडून अपेक्षा ठेवू नका. फुल एचडीपर्यंतच जातो, चित्रीकरण करताना फोकस शोधत पुढे-मागे झुलतो आणि लेन्सची घरघरही आवाजात येते. इथे आर५० सरळ सरळ सरस आहे: फोर-के, शांत, चेहरा सोडत नाही. तुमच्या पत्रात नाचाचे कार्यक्रम शेवटाकडे आलेत म्हणून मी त्यांना तेवढंच वजन देतोय. प्रत्यक्षात वर्षातले बहुतेक दिवस तुम्ही लेकीचे व्हिडिओच काढणार असाल आणि भिगवण हिवाळ्यात दोनदाच, तर भाच्याचं ऐका, आर५० घ्या. नाहीतर व्हिडिओला मोबाइल आहेच.

आता वजन. याचा विचार लोक घेऊन झाल्यावर करतात. लेन्स २३०० ग्रॅम, बॉडी बॅटरीसकट ७६५ ग्रॅम. तीन किलोंच्या वर गेलं. घरी तीन किलो तांदळाची पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरून अर्धा मिनिट उभ्या राहा, मग खाली ठेवा, पुन्हा उचला, असं पंधरा मिनिटं करून बघा. नावेत बसून कोपर गुडघ्यावर टेकवता येतं, डावा हात लेन्सच्या खालच्या पायाशी ठेवून कोपर बरगडीला लावलं की बराच भार उतरतो, आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात न घालता लेन्सला लावून तिरका खांद्यावरून घ्यायचा. तरीही ही लेन्स सगळ्यांना झेपत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही.

नाही झेपली तर तिसरी वाट आहे. आर५० नुसत्या १८-४५ सकट घ्यायचा आणि पुढे त्याला कॅननची आरएफ १००-४०० जोडायची. ती लेन्स अवघी ६३५ ग्रॅम, कॅमेरा ३७५. दोन्ही मिळून किलोभर. पल्ला काकांच्या संचापेक्षा थोडा कमी, पण ५५-२१० च्या जवळजवळ दुप्पट. खोट दोन. ४०० ला ती एफ/८ असते, म्हणजे काकांच्या लेन्सच्या निम्माच उजेड. कोवळ्या उन्हात आयएसओ चढवावा लागेल. दुसरी खोट पैशांची: दोन्ही नवीन घेतलं तर तुमचा लाख पुरणार नाही, १००-४०० पुढच्या भिशीवर जाईल. म्हणजे हा हिवाळा पुन्हा ठिपक्यांचाच. पण मनगट किंवा मान आधीच कुरकुरत असेल तर मी हीच वाट सांगेन. घरात पडून राहिलेल्या ५०० पेक्षा हातात असलेली ४०० कधीही चांगली.

हे नक्की करण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे भाडं. पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, २००-५०० तर सहज. एका शनिवारी आणा, रविवारी पहाटे कुंभारगावला जा, इंजिन बंद करून नाव स्थिर झाल्यावर काढून बघा. संध्याकाळी खांदा काय म्हणतो ते ऐका.

सौदा ठरत आला की तपासणी. काका ओळखीचे आहेत म्हणून संकोच करू नका. नीट वापरणारा माणूस तपासू द्यायला कधी नाही म्हणत नाही.

लेन्स अंधाऱ्या खोलीत बघा. दोन्ही टोपणं काढा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरा आणि पुढून आत पाहा. मग उलटी करून पाहा. धुळीचे काही कण चमकतील, ते चालतात. ही लेन्स झूम करताना लांब होते, प्रत्येक वेळी हवा आत-बाहेर होते, कण जाणारच. फोटोत ते दिसत नाहीत. शोधायची ती बुरशी. काचेच्या काठाकडून आत सरकणारे, फाटे फुटत गेलेले बारीक पांढरट धागे, किंवा तिरक्या उजेडात दिसणारा दुधी धूसरपणा. दोन-तीन पावसाळे बॅगेत बंद राहिलेल्या लेन्समध्ये हे होतं. असा एक जरी धागा दिसला तर किंमत कमी करून घेऊ नका, लेन्सच घेऊ नका. साफ करून मिळते, पण काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर तो परत येत नाही.

मग लेन्स बॉडीला लावून बाहेर या. ५०० वर नेऊन लांबच्या पाटीवर फोकस करा. दुकानाची पाटी, उभ्या एसटीची नंबरप्लेट, काहीही, फक्त अक्षरं हवीत. व्हीआर (लेन्समधली हाताची थरथर रोखणारी सोय) चालू ठेवून शटरचं बटण अर्धं दाबलं की व्ह्यूफाइंडरमधलं हलणारं चित्र क्षणात बसायला हवं; उड्या मारत असेल किंवा करकर आवाज येत असेल तर गडबड आहे. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून बघून काढा, दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये स्क्रीनवर फोकस करून. दोन्ही सारखेच धारदार आले तर छान. लाइव्ह व्ह्यूचा धारदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर बॉडी-लेन्सची जोडी जुळलेली नाही. डी७२०० च्या मेनूत एएफ फाइन ट्यून आहे, थोडा फरक त्यात निघतो. पण एका लेन्सला एकच आकडा देता येतो, त्यामुळे ५०० ला जुळवलं की २०० ला थोडं बिघडू शकतं. तुमचं काम ५०० लाच, तिथे जुळवा.

बॉडीचं तुलनेने सोपं आहे. शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा चाललं तो आकडा, नव्याने काढलेल्या जेपेग फाइलच्या माहितीतच असतो, भाचा दोन मिनिटांत काढून देईल. निकॉनने हे शटर दीड लाख वेळा चालवून तपासलेलं आहे. पक्ष्यांवर वापरलेला कॅमेरा म्हणजे आकडा मोठा असणार, लाखाच्या पुढे गेला असेल तर भाव त्या हिशेबाने पाडा. सेटअप मेनूत बॅटरी इन्फो आहे, तिथे बॅटरीचं वय ० ते ४ असं दिसतं. ४ आलं तर नवी बॅटरी घ्यावी लागेल, तेवढे पैसे वजा करा. चांगल्या बॅटरीवर निकॉनच्या आकड्यांनुसार एका चार्जमध्ये ११०० हून जास्त फोटो निघतात, म्हणजे नावेत दुसरी लागणारही नाही. एफ/२२ वर मोकळ्या आकाशाचा एक फोटो काढून काळे डाग बघा. धूळ असेल तर साफ होते, ओरखडा होत नाही. दोन्ही कार्डांचे खाचे चालतात का ते दोन कार्डं घालून बघा. अंगठ्याजवळचं रबर सुटलं असेल तर ते स्वस्तात चिकटतं, पण घासाघिशीला तोंड मिळतं.

भाच्याला बरोबर न्याच. टॉर्च त्याच्या हातात द्या, म्हणजे रुसणार नाही.

लेन्स घरी आल्यावर बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेल, एवढं पुरतं. दाण्यांचा रंग बदलला की बदलायचे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा, पक्षी नसतील तर अंगणातली चिमणी चालेल.

पैसे बँकेतून द्या. काकांकडचं मूळ बिल भारतातलं आहे का ते बघून ते मागून घ्या, कारण बाहेरून आणलेल्या मालाला इथलं सर्व्हिस सेंटर हात लावायला कुरकुर करू शकतं. आणि साध्या कागदावर बॉडी व लेन्स दोन्हींचे सिरियल नंबर, रक्कम आणि तारीख लिहून काकांची सही घ्या.